साल दोन हजार एकाहत्तर

शिकलगार मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला.
‘निकम, तुमची मुलगी अजून जन्मायची आहे.
इथं लिहिलंय, दोन हजार एकाहत्तर, असार चौदा.’
म्हटलं, काठमांडूचं साल आपल्या पुढं पळतं, मॅडम.
आपल्याकडं ते दोन हजार चौदा.
असार म्हणजे आषाढच, बोलताना झिजलेला.

मग त्यांनी दाखला मोठ्यानं वाचला.
बाबुको नाम, आमाको नाम, ठेगाना.
एका अक्षराला अडल्या नाहीत.
म्हणाल्या, भाषांतर आणा, नोटरी करून.
आत्ता वाचलंत की, मी म्हटलं.
‘वाचता येणं वेगळं.’
बाई वाईट नव्हेत. पंखा माझ्याकडं वळवला त्यांनी.

विट्याहून तासगाववरून सांगली, ही सातवी खेप.
बाप इथला, म्हणून पोर इथली,
एवढंच लिहून मागतोय.

आमच्या गावात दर दोन घरांआड एक भट्टी परमुलखात.
कुणाची मदुराईला, कुणाची कटकला.
माझी असनच्या बोळात होती.
सोनारांच्या दुकानातली धूळ विकत घ्यायचो,
पायपुसणीसुद्धा. जाळायचो,
राख मुशीत घालून वर सवागी टाकायचो.
तळाशी मुगाएवढं काहीतरी राहायचं.
टंच काढून चिठ्ठीवर आकडा लिहिला
की सोनार न बोलता पैसे मोजायचे.
माझी सही चालायची तिथं.

इथं आधी माझाच टंच.
शाळेत गेलो. गुरुजींनी रजिस्टर काढलं, कसरीनं खाल्लेलं.
निकम अंकुश जालिंदर, जन्म एक जून.
माझ्या वरचा एक जून, खालचा एक जून,
त्या पानावर अकरा पोरं एकाच दिवशी झालेली.
आई सांगायची, तू झालास तेव्हा शाळू हुरड्यात होता.
शाळूला शिक्का नसतो.
वडील रजिस्टरात जालिंदर, पासपोर्टवर जालंदर,
सातबाऱ्यावर जालिंधर,
आणि स्वतः जालू म्हणून अंगठा उठवायचे.
सगळे एकच, असं पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलं.
वकिलानं विचारलं, अजून एखादा राहिलाय का?

लग्नाचा दाखला नाही. देवळात लागलं. एक फोटो आहे.
फोटोत दिलमाया, मी,
आणि कडेला साक्षीदार बाळू देवकर, अर्धाच.
बाळू आता सेलमला. फोनवर म्हणाला,
दिवाळीत येतो की, घे सही तेव्हा.
जून चाललाय.

दिलमायानं ट्रंकेच्या तळातून एक पट्टी काढून दिली,
दवाखान्यात पोरीच्या मनगटाला बांधलेली.
आकडा उडालाय. मी म्हटलं, हे कोण बघणार?
ती म्हणाली, न्या.
झेरॉक्सवाला म्हणाला, याचं काय येणार?
आलं. एक काळा आडवा डाग.
तोही जोडलाय, पान नंबर एकोणीस.

आज पोरीलाही बोलावलं होतं.
शाळा बुडवून आली, दोन वेण्या घट्ट घालून.
‘नाव?’
‘सम्झना.’
‘संजना?’
‘नाही. अर्धा म, मग झ. झबल्यातला.’
‘आणि शाळेत?’
शाळेत संजना. बाईंनी तसंच लिहिलेलं, पहिलीत.
मॅडमनी माझ्याकडं बघितलं.
मी वहीत लिहिलं, आणखी एक प्रतिज्ञापत्र.

शेवटून दुसरा रकाना, ओळखीची खूण.
तिनं न सांगता बाही वर केली.
कोपराजवळ नखाएवढा डाग.
तीन वर्षांची होती, मुशीतला थेंब उडाला.
तिची आई महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.
मॅडमनी लिहिलं, डाव्या कोपरावर भाजल्याचा व्रण.
त्याला मात्र कागद मागितला नाही.

परतीच्या एसटीत तासगावला खिडकीतून जांभळं घेतली.
पोरीनं सगळी बोटं रंगवून घेतली.
फाईल तिच्याच मांडीवर होती.
हात लावू नको, मी ओरडलो, जरा जास्तच.
तिनं दोन्ही पंजे वर धरले, कशालाही न टेकवता,
आणि विट्यापर्यंत तशीच बसली.